नाडी मोजायचं घड्याळ

पंचवटी, नाशिक
फेब्रुवारी २००४

प्रिय नाना,

वडिलांना पत्र लिहिताना 'तीर्थरूप' लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत. आज तो शब्द लिहायला हात वळेना, म्हणून 'प्रिय' लिहिलंय. तुमचं मखमलाबाद इथून रिक्षानं कितीसं लांब, आणि ही बाई पत्र काय लिहीत बसलीये, असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्यासमोर आले की तुम्ही आधी चहा घे म्हणता, आई मेथी-कोथिंबिरीची पिशवी भरायला लागते, आणि माझं बोलणं राहूनच जातं. तेव्हा आज निमूट वाचा.

पुंजाकाकांकडून तुमचा निरोप पोचला. आपल्या धाकट्या सायलीला मनमाडचं स्थळ आलंय, मुलगा रेल्वेत कायम आहे, घर स्वतःचं आहे, आणि अट एकच, पोरीनं नोकरी करायची नाही. घरात दोन म्हातारी माणसं आहेत, त्यांचं करायला कुणीतरी हवं. सायली तयार नाही. तीन वर्षं नर्सिंगला घासून आत्ता कुठं तिची दवाखान्यात नेमणूक झालीये, सोमवारी रुजू व्हायचंय, आणि तुम्ही रविवारी साखरपुडा धरलाय. ती मोठीचं ऐकते, मोठीनं तिची समजूत घालावी, असा तुमचा निरोप. काकांनी तो दारातच सांगितला आणि पाणीसुद्धा न घेता गेले. त्यांनाही बहुतेक लाज वाटली असावी.

गंमत बघा, त्याच्या आदल्याच दिवशी सायली माझ्याकडे आली होती. तिला माझ्याकडून एवढंच हवं होतं की वॉर्डात घालायला घड्याळ कसलं घ्यावं. मी पोळ्या लाटत होते, हातातलं लाटणं तसंच राहिलं. इतक्या वर्षांत मला घड्याळाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. तुम्हाला आठवतं का हो माझं घड्याळ? मला कळवणकडच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून नेमणूक मिळाली, तेव्हा आपण दोघं मेन रोडला गेलो होतो. त्या दिवशी फुलांच्या पाट्या तुम्ही दुसऱ्याच्या हाती बाजारात पाठवल्या होत्या. एरवी आजारपणातही तुम्ही बाजार चुकवत नसायचात.

दुकानदारानं आधी बायकांची घड्याळं काढली. सोनेरी, नाजूक, करंगळीच्या नखाएवढी. तुम्ही एकेक उचलून लांब धरलंत आणि परत ठेवलंत. सेकंदाचा काटाच दिसत नाही, नाडी काय अंदाजानं मोजायची का, असं त्याला विचारलंत. मग पुरुषांची घड्याळं काढायला लावली. पांढरी तबकडी, बाराही आकडे ठळक, लाल सेकंदकाटा, तोही कडेच्या मिनिटांच्या आखणीला टेकेल एवढा लांब. वीज गेली तर अंधारात चमकणारे काटे हवेत. सेलचं नको, चावीचंच हवं, कारण सेल संपला तर तिकडच्या पाड्यावर कोण आणून देणार. काचेभोवती धातूची कड काचेपेक्षा जराशी वर हवी, म्हणजे कुठं आपटलं तरी मार कडेला बसेल. मागचं झाकण दाबून बसवलेलं नको, फिरवून घट्ट करायचं हवं, म्हणजे पाणी शिरत नाही. कलमांची रोपं निवडताना तुम्ही जशी मुळं चाचपता, तसं तुम्ही ते घड्याळ चाचपत होतात.

पट्ट्यावरून आपलं वाजलंही होतं. चामड्याचा पट्टा घामानं आणि डेटॉलच्या पाण्यानं कुजतो, हे मला पटलं. तुम्ही स्टीलची साखळी घे म्हणालात. मी म्हटलं, नाना, नुकतं जन्मलेलं लेकरू हातात घ्यायचंय, साखळीनं त्याला ओरखडा उठेल. तुम्ही लगेच दुकानदाराला काळा नायलॉनचा पट्टा लावायला सांगितलंत. मग त्याच्याकडून पेला भरून पाणी मागितलंत, प्यायला नव्हे, घड्याळ बुडवायला! त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वैतागून तो म्हणाला की बाईमाणसाच्या हातावर हे एवढं मोठं धूड शोभेल का. तेव्हा तुम्ही दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "माझी पोरगी या हातानं काम करणार हाय. दाखवायला नाय घालणार."

मग मी तिथंच, काउंटरवर, त्या घड्याळावर तुमची नाडी मोजली. तुम्ही हात पुढं करून लहान मुलासारखे श्वास रोखून उभे होतात. नाना, त्या दिवसाइतकी मी तुमची कधीच नव्हते.

ते घड्याळ माझ्या हातावर जेमतेम दोन वर्षं राहिलं. त्यानं काय नाही सोसलं? पावसाळ्यात ओढ्यातून चालत पाड्यावर जाणं, रक्तानं भरलेले हात, उकळतं पाणी, जीपच्या दाराचे दणके. एका बाईचं बाळंतपण अडलं, वीज गेली होती, कंदिलाच्या उजेडात मी त्या चमकत्या काट्यांवर तिच्या कळा मोजत बसले. दोघं वाचली. तिनं पोराला माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्याचं तोंड त्या काळ्या पट्ट्याला घासलं गेलं, तरी पोर रडलंसुद्धा नाही.

आता लग्नाचं. हे मी आजपर्यंत कुणापाशी बोललेले नाही. पंगत बसली आणि तुमचे जावई रुसले. आपल्यात नवरदेव रुसतोच, हातात काहीतरी पडेपर्यंत घास उचलत नाही, बायका हसतात, चेष्टा होते. अंगठी तुम्ही दिली होतीच. त्यांच्याकडचं कुणीतरी ओरडलं, नवरदेवाला घड्याळ पाहिजे. तुम्ही घड्याळ आणलेलं नव्हतं, कारण ते ठरलेलंच नव्हतं. उद्या आणून देतो म्हणाला असतात तर कुणी मांडव सोडून जाणार नव्हतं. पण चार पाहुणे बघत होते ना! तुम्ही माझ्यापाशी आलात. माझ्या हिरव्या चुड्याच्या मागं ते बांधलेलं होतं. मावशी सकाळपासून काढ काढ म्हणत होती, मी ऐकलं नव्हतं. तुम्ही मला विचारलं नाहीत. स्वतःच्या हातानं पट्टा सोडवलात आणि हळूच म्हणालात, "जाऊ दे गं, मान हाय त्यांचा. राग गिळायचा. तुला दुसरं घेऊ." आणि त्यांच्या मनगटावर बांधलंत. टाळ्या वाजल्या. त्यांनी जिलेबी उचलली.

मी कुठं रडले तेव्हा? नवरीनं रडलं तर सगळ्यांना ते माहेर सुटण्याचंच वाटतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्याकडून ऐका. कामावर परत गेले तेव्हा मी कंपाउंडरकडे घड्याळ मागून नाडी बघायचे. काही महिन्यांत सासरी सुरू झालं, कळवण किती लांब, घर कोण बघणार, लोक काय म्हणतील. मी तुमच्याकडे धावत आले. तुम्ही म्हणालात, जुळवून घे. घड्याळ दिलंत तेव्हाचाच आवाज होता तो. मी राजीनामा दिला. घड्याळ गेलं म्हणून नोकरी गेली असं मी म्हणत नाही, एवढी खुळी नाही मी. पण माझ्या हातावरचं काढून देताना मला विचारायची गरज नसते, हे सासरच्यांनी त्या दिवशी भर मांडवात तुमच्याकडूनच शिकून घेतलं.

दुसरं घेऊ म्हणाला होतात. दिवाळी आली की मी वाट बघायचे, आणि तुम्ही साडी आणायचात. एकदा लाज सोडून आठवण केली, तर हसून म्हणालात, आता घरात बसून तुला वेळ कशाला बघायचीये. तुम्ही सहज बोलून गेलात, आणि मी तो सगळा सण जळत होते.

आणि तुमची पारख, नाना, अगदी पक्की निघाली. ते घड्याळ अजून चालतंय. तुमचे जावई पंख्याखाली खुर्चीवर बसून काम करतात, त्यांच्या हाताला कधी पाणी लागत नाही. ते घड्याळ कपाटात गुंडाळून ठेवतात आणि लग्नकार्याला घालतात. सासऱ्यांनी दिलेलं आहे, असं कौतुकानं सांगतात. मी एकदा मागितलं होतं. ते म्हणाले, तुला काय करायचंय.

तर सायलीला घेऊन मी दुकानात गेले. आता तिथं खडे लावलेली, रंगीत पट्ट्यांची घड्याळं असतात. विकणारा मुलगा म्हणाला, हल्ली घड्याळ कोण घेतं, मोबाइलवर वेळ दिसते की. मी म्हटलं, बाबा, एका हातानं पेशंटचं मनगट धरल्यावर मोबाइल काय दातात धरायचा? मग तुम्ही शिकवलेलं सगळं सायलीला शिकवलं. काटा, कड, झाकण, पट्टा. तिनं तुमच्यासारखंच पाणी मागितलं. मी तिला हे नाना बघायचे असं सांगितलं, तर तिला खरंच वाटेना. तिनं पाहिलेले नाना वेगळे आहेत, घरात पाहुणे आले की पोरींची वाचा बंद करणारे. तिला घड्याळ आवडलं, पण घेतलं नाही. म्हणाली, "ताई, रविवारनंतर घेऊ. त्याआधी घेतलं तर तेही कुणाच्या तरी हातावर जाईल."

मांडवातलं तिनंही पाहिलं होतं तर. ती पोर हे हसत म्हणाली, आणि मी तिचा हात धरून दुकानाबाहेर आले.

काल दुपारी मनमाडची माणसं माझ्याकडे येऊन गेली. मुलाची आई आणि मामा. तुम्हीच धाडली होती त्यांना, मोठी धाकटीला समजावतेय, तिला भेटून घ्या, म्हणून. मी पोहे केले, चहा टाकला. बाई गोड बोलत होत्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मग त्यांनी रविवारचं पक्कं ना, असं विचारलं. मी म्हटलं, "नानांचा नकार आहे. आमची पोरगी नोकरी सोडणार नाही." मामांनी दोनदा विचारलं, हे नाना स्वतः म्हणाले का. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. ते चहा तसाच ठेवून उठले. तुम्हाला हे बाजारात दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. रविवारी कुणी येणार नाही, आचाऱ्याला आणि भावकीला कळवून टाका. तुमचा शब्द मी तुम्हाला न विचारता परत घेतलाय, पाहुण्यांच्या तोंडावर. तुम्हाला राग येईल. गिळा.

तुमचीच,
सुवर्णा