सोपा गेलेला पेपर

२ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या बाईंनी सकाळीच बोलावून घेतलं. तिसरी आणि पाचवीची भाषा-गणिताची परीक्षा यंदा संगणकावर. सगळ्या शाळांना एकच. पालक गोंधळलेत. शनिवारी सभा ठेवलीय आणि समजावून सांगायचं काम माझ्याकडे!

मी म्हटलं, मी कारकून माणूस, हे संगणकाच्या बाईंनी सांगायला हवं. म्हणाल्या, "त्या दहा दिवस रजेवर आहेत. आणि शिक्षक बोलले की पालक नुसत्या माना डोलावतात. तुमच्याशी ते मोकळेपणाने बोलतात."

ते खरं आहे. दाखला, पत्ता बदलणं, हरवलेली पाण्याची बाटली – सगळं माझ्याच खिडकीत. बावीस वर्षं झाली. पोरं 'खिडकीकाका' म्हणतात.

चौदा पानांचं परिपत्रक घरी आणलं. दोनदा वाचलं. बायको म्हणाली, "लग्नाआधी माझी पत्रं एवढी लक्ष देऊन वाचली असतीत तर."

४ फेब्रुवारी, बुधवार

सांगायचं तर आधी स्वतः करून बघावं. मधल्या सुट्टीत संगणकाच्या खोलीत बसून पाचवीची सराव परीक्षा दिली. पंचवीस प्रश्न. कानाला हेडफोन लावल्यावर शब्द ऐकू येतो, तो टाइप करायचा. एका टाकीत पाणी कसं कसं चढलं त्याचा आलेख. हरवलेली छत्री परत करणाऱ्या माणसाची गोष्ट. सुरुवातीला घाम फुटला, आलेख तर उलटासुलटा करून पाहिला. पण निम्म्याच्या पुढे हळूहळू सोपं होत गेलं. शेवटी शेवटी तर घड्याळात किती वाजले, असले प्रश्न.

परिपत्रकात नवव्या पानावर एक वाक्य आहे – मुलाच्या उत्तरांनुसार पुढचे प्रश्न बदलत जातात. आता त्याचा अर्थ लागला. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी असेच करायचे. पोरगं भेदरलेलं दिसलं की आधी धीर द्यायचे, मग झेपेल असं विचारायचे. यंत्रालाही कुणीतरी ही माया शिकवली म्हणायची.

पेपर सोपा गेला. देवाचे आभार मानले.

७ फेब्रुवारी, शनिवार

सभा झाली. चाळीस-बेचाळीस माणसं, पाचवीच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर अवघडून बसलेली. पहिला प्रश्न – पुस्तक कुठलं आणायचं? कुठलंच नाही. क्लास लावायचा का? नको. टाइप करायला उशीर झाला तर? घाई नाही, भरपूर वेळ आहे.

पुढच्याच बाकावर वेल्डर होता, पाचवीतल्या मुलीचा बाप. बाह्यांना ठिणग्यांनी पडलेली भोकं, गुडघे बाकाच्या वर आलेले. मुलगी शेजारी. बाप तिला 'ठिणगी' म्हणतो. त्याने विचारलं, "नापास झाली तर शाळेतून काढणार का?"

मी म्हटलं, यात पास-नापास नाहीच. चार पायऱ्या आहेत – 'मदत हवी', 'जमू लागलंय', 'भक्कम' आणि सगळ्यात वरची 'पुढे'. मूल कुठल्या पायरीवर आहे एवढंच कळतं. वजनकाट्यासारखं समजा. काटा कुणाला नापास करत नाही.

मागून एक बाई म्हणाली, "आमच्या घरातला करतो." सगळी खोली हसली. त्यानंतर लोक सैल झाले.

शेवटी मी माझा अनुभव सांगितला. सुरुवातीला अवघड वाटेल. मग सोपं होत जाईल. सोपं झालं की समजायचं, गाडी रुळावर आली. अवघडच येत राहिलं तर मात्र मुलाने जरा थांबून नीट लक्ष द्यावं.

"ऐकलंस का गं, ठिणगे?" वेल्डर म्हणाला. तिने मान हलवली.

जाताना तो खिडकीशी थांबला. "माझं अक्षरांशी कधी जमलं नाही, भाऊ. दुकानाची पाटी तेवढी वाचतो, तीही माझीच आहे म्हणून. हिचं जमलं पाहिजे."

८ फेब्रुवारी, रविवार

भाजी आणायला गेलो तर तिघांनी थांबवून आभार मानले. छाती थोडी फुगली. लिहून ठेवतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

संगणकाच्या बाई रजेवरून आल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान. मी सभेचं सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "काका, ते उलटं आहे."

बरोबर उत्तरं दिली की यंत्र पुढचा टप्पा अवघड देतं. चुकत गेलं की सोपा देतं. ज्या मुलाला पेपर अवघड अवघड होत गेला, त्याचं चांगलं चाललंय.

त्यांनी माझी सराव परीक्षा उघडून दाखवली. पंचवीसपैकी नऊ बरोबर. छत्रीच्या गोष्टीत प्रश्न होता – त्याने छत्री परत का केली? मी निवडलं होतं, 'प्रामाणिकपणा हा मोठा गुण आहे म्हणून.' गोष्टीत स्वच्छ लिहिलं होतं की छत्री मोडकी होती.

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पालकांना चिठ्ठी पाठवायचं ठरलं. मजकूर मीच लिहायचा. पहिल्या कागदावर लिहिलं, 'सभेत मी सांगितलेलं चुकीचं होतं.' तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'परीक्षेतील प्रश्नांचे स्वरूप उत्तरांनुसार बदलू शकते. प्रश्न अवघड वाटल्यास पालकांनी व विद्यार्थ्यांनी चिंता करू नये.'

मोठ्या बाईंनी सही केली. म्हणाल्या, "छान जमलंय."

एकही शब्द खोटा नाही. तरी संध्याकाळी हात जोडून बसलो तर मन लागेना. दोनदा उठलो, दोनदा बसलो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज भाषेचा पेपर. माझं काम तारा, चार्जर आणि हेडफोन. कुणाचा पडदा अडकला तर संगणकाच्या बाईंना खूण करायची. मुलांशी एक अक्षर बोलायचं नाही, हा नियम. बाईंनी सकाळी पुन्हा बजावलं.

ठिणगी खिडकीकडच्या रांगेत, दुसऱ्या जागी. अर्धा तास टकाटक चालली होती. मग वेग मंदावला. कपाळावर आठी. एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं होतं ना, सोपं होत जाईल म्हणून. मी नजर वळवली. पुन्हा बघितलं तर हेडफोन काढून ठेवलेला, दोन्ही हात मांडीवर. रडत नव्हती. नुसती बसली होती. पडद्यावर अजून आठ प्रश्न बाकी.

एक वाक्य पुरलं असतं. ते बोलायचा दिवस शुक्रवार होता, तेव्हा कागदावर लिहून फाडून टाकलं. आज बोलणं म्हणजे परीक्षेत सांगणं.

वेळ संपेपर्यंत ती तशीच बसून. मी तारा गुंडाळत राहिलो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

शाळा भरायच्या आधीच वेल्डर खिडकीशी. मुलगी मागे नळाजवळ उभी. त्याच्यामागे रांगेत आणखी तीन पालक.

"उद्या गणिताला ती येणार नाही, भाऊ. तसं लिहून घ्या. काल शेवटपर्यंत अवघडच येत राहिलं म्हणते. सोपं झालंच नाही. 'मी ढ आहे, बाबा,' म्हणते. जेवली नाही. मी मारलं नाही, ओरडलो नाही. पण मी काय सांगणार तिला? मला तरी काय येतं?"

मी विचारलं, चिठ्ठी मिळाली होती का? "तिनेच वाचून दाखवली. चिंता करू नका, एवढंच होतं त्यात."

मी खिडकीआडून उठलो आणि दार उघडून बाहेर आलो. रांग ऐकत होती. ऐकू दे म्हटलं. सांगितलं – मी सभेत उलटं बोललो. बरोबर उत्तर दिलं की प्रश्न अवघड येतात. मला सोपे आले कारण माझे चुकले. ते गुरुवारीच कळलं होतं. चिठ्ठीत सरळ लिहायची लाज वाटली.

रांगेतलं कुणीतरी "अरे वा" म्हणालं. म्हणू दे.

वेल्डरने खिडकीच्या चौकटीवर बोटाने हळूच ठोकलं. मग म्हणाला, "आम्ही जोड असाच तपासतो. हळू ठोकायचं. टिकला की जोरात. कच्च्या जोडावर कुणी मोठा हातोडा उचलत नाही." मागे वळून हाक मारली, "ठिणगे, इकडे ये. काकांचं काय झालं ते ऐक."

मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुम्हाला किती आले?"

"पंचवीसपैकी नऊ."

"पाचवीचा पेपर?"

"पाचवीचाच."

छत्रीचंही सांगितलं. तेव्हा ती हसली. मग हसू थांबलं. "शेवटच्या उताऱ्याची उत्तरं मला येत होती बहुतेक," ती म्हणाली. "मला वाटलं, एवढं अवघड आलंय म्हणजे आधीचं सगळं चुकलंय. आता लिहून काय उपयोग."

मी लगेच संगणकाच्या बाईंना विचारलं. झालेला पेपर पुन्हा उघडत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आली! शेवटच्या मिनिटापर्यंत हेडफोन कानावर. बाहेर पडताना माझ्याजवळून जाताना म्हणाली, "खूपच अवघड होता, काका." आणि उड्या मारत गेली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नवीन चिठ्ठी. पहिल्या कागदावरचंच पहिलं वाक्य घातलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "एवढं स्पष्ट कशाला? परीक्षा तर झाली." मी म्हटलं, परीक्षा झाली, पण पेपर अवघड गेला म्हणून मार खाणारी पोरं अजून घरात आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि सही केली.

आज मन लागलं.

५ मार्च, गुरुवार

साडेचार ते पाच संगणकाच्या बाई काही मुलांना जादा शिकवतात. त्यांना विचारून शेवटच्या बाकावर बसायला लागलोय. अपूर्णांक. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "दप्तर आणू का?"

८ एप्रिल, बुधवार

निकाल आले. घरोघरी द्यायचे लिफाफे मीच भरले. तिचा सगळ्यात आधी पाहिला. हे करायला नको होतं.

गणित – 'पुढे'. भाषा – 'भक्कम'. एक पायरी खाली.

वेल्डर संध्याकाळी आला. कागदावर काळं बोट ठेवून म्हणाला, "हे खालचं का?" म्हटलं, आठ प्रश्न सोडले म्हणून. माझ्यामुळे. त्याने कागद आधी उभा दुमडला, मग आडवा, खिशात ठेवला. पायरीवर जाऊन थांबला.

"जोड पक्का आहे ना?"

"पक्का आहे."

"मग झालं," म्हणाला आणि गेला. मागे वळून पाहिलं नाही. मला माफ केलं की नाही ते कळलं नाही. विचारायचा हक्कही नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

मधल्या सुट्टीत सराव परीक्षा पुन्हा दिली. या वेळी गोष्टीत जे लिहिलं होतं तेच उत्तर दिलं. निम्म्याच्या पुढे अवघड होत गेली. शेवटचे चार प्रश्न काही केल्या सुटले नाहीत.

देवाचे आभार मानले.