पिल्लं कुठायत?

७ मार्च
आजही सगळे मोठेच! मामाच्या कातड्यांच्या शेडवर अजगरांची पोतीच्या पोती रिकामी केली आणि एकही माझ्या दंडापेक्षा बारीक नाही. मामा खूश – "बघ, तुझ्या पायगुणाने कसा माल येतोय." मी हसले. काय करणार? मेलेल्या सापांची मापं घेते, पोटं फाडून अंडी बघते, आकडे बोगोरच्या ऑफिसला कळवते.

८ मार्च
आमच्या ऑफिसच्या साहेबांचा, सुबाग्योंचा फोन. "लस्मा, लहान कुठायत? हे संपले की मागे कोण?" मला कळतं हो! नुसते थोराड सापडतात म्हणजे नवे वाढतच नाहीत. महिनाअखेरीला पिल्लं दिसली नाहीत तर या जिल्ह्यात अजगर धरणं बंद करा, असं मी लिहायचं. मी! याच शेडच्या कातड्यांच्या पैशावर मामाने मला शिकवलं. शेड बंद झाली तर मामा काय करेल, आणि पामच्या मळ्यांत साप धरणारी ही सगळी माणसं?

११ मार्च
डोकं फिरायची वेळ आलीय.
पण आज जेवताना एकदम सुचलं. माझ्या ताटात अख्खा कार्प मासा, मामी बिचारी शेपटी चोखत बसलेली. रोजचंच. पाहुण्याला उत्तम तेच वाढायचं, ही आमची बटक लोकांची जुनी खोड. मग शेडवरही तेच चाललं असणार! भाची मापं घ्यायला आलीय, तिच्यापुढे गांडुळाएवढी पिल्लं कशी टाकायची? लपवताहेत. नक्की लपवताहेत. साप धरणाऱ्या लिंतोंगला विचारलं, लहान सापडले की काय करता? त्याने मान खाली घातली. "तुझ्या मामालाच विचार." झालं की मग!

१२ मार्च
विचारलं. मामा मेलेल्या अजगराच्या तोंडात नळी घालून पाणी भरत होता, कातडं सुटायला. म्हटलं, मामा, मोठे नकोत मला. पिल्लं दाखव, पाया पडते तुझ्या. नाहीतर माझ्याच हाताने तुझी शेड बंद करावी लागेल. चक्क रडले. लाज वाटतेय आता.
त्याने नळ बंद केला. म्हणाला, "भाचीला आपल्यात रिकाम्या हाताने कधी पाठवलंय का? मिळतील."

१४ मार्च
मामा कालपासून नाही. शेडला कुलूप. मामी म्हणे, कामाला गेलाय. असल्या वेळी कसलं मेलं काम! घास उतरत नाही. साहेबांचा फोन घेतलाच नाही.

१५ मार्च
मिळाली!!!
मामा ट्रक घेऊन आला. पोती सोडली तर पिल्लंच पिल्लं – मनगटाएवढी, काही तर अंगठ्याएवढी. पोटं फाडली, सगळी कोवळी, अंड्यांचा पत्ता नाही. मामाचे डोळे लाल, दाढी वाढलेली. "पुरे ना?" पुरे काय! मोजता मोजता माझ्या डोळ्यांना धारा. लपवत होते लेकाचे. मामाला म्हटलं, किती छळलंस रे! तो हात धुवायला गेला.

१८ मार्च
अहवाल गेला. 'पिल्लं भरपूर आहेत. धरणं चालू ठेवायला हरकत नाही.' साहेब म्हणाले, शाब्बास. किती दिवसांनी पोटभर जेवले!

१९ मार्च
उद्या निघायचं म्हणून दुपारी निरोपाचं जेवण. मामाने खांद्यावर उलोसची, आमच्यात आशीर्वाद म्हणून देतात ती, नवी शाल घातली. मामीने पुन्हा अख्खा मासा माझ्या ताटात ठेवला आणि कौतुकाने सांगायला लागली – "दोन रात्री ट्रकमध्ये झोपले गं हे. पार रियाऊ प्रांत ओलांडून जांबीपर्यंत गेले तुझ्यासाठी. इथे कुठली पिल्लं? कित्येक पावसाळ्यांत कुणी बघितली नाहीत."
मामा म्हणाला, "गप गं. जेवू दे पोरीला."
साहेबांना फोन लावायला हवा. आत्ता. मामा समोरच बाकड्यावर घोरतोय.