दोन बोटं

१४ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडून टाकलं नाहीस, तर तुझे उपकार.

इकडे सगळं ठीक. गुडघा जिना चढताना कुरकुरतो. ऑफिस तेच, नगरपालिकेचा दुसरा मजला, खिडकीपाशी माझं तिरकं टेबल. गावाला पुरापासून वाचवायचा आराखडा करणारा आमचा विभाग, आणि आमचंच छत गळतं म्हणून नकाशांच्या कपाटावर बादली ठेवलीय. तू पाहिलंस तर पोट धरून हसशील. तुझी लेक, आपली वटवट, कशी आहे? नववीत असेल ना आता? अजून झोपेत बोलते का गं?

सहा वर्षं मी तुझ्या दारात आले नाही. तुला वाटलं असेल, भाऊ गेला आणि नणंदेने नातं गुंडाळून ठेवलं. तू दोनदा निरोप धाडलास, दोन्ही वेळा मी कामाचं निमित्त सांगितलं. कसलं काम आणि कसलं काय.

जाऊ दे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुझी हरकत माझ्या टेबलावर आली आहे.

नव्या आराखड्यातली नदीकाठची लाल रेषा तू पाहिलीसच. पाणी कुठवर चढेल ते ती रेषा सांगते. तिच्या आत धंद्याला परवाना नाही, नवं बांधकाम नाही, आणि आत राहणाऱ्यांना वर टेकाडावर जागा द्यायची ठरलीय. या वेळी तुझं घर आत आलंय. त्यावर तू लिहिलंयस, ‘मागच्या नकाशात आमचं घर बाहेर होतं. त्याच भरवशावर माझ्या नवऱ्याने घरात छापखाना टाकला. त्याची सख्खी बहीणच नकाशे काढते, ती खोटी रेषा ओढेल का? पूर आला तो आमच्या नशिबाने. घर बाहेरच ठेवावं.’

हे वाचलं आणि मी उठून नळावर गेले. तोंड धुतलं. परत आले तरी ती ओळ तिथेच.

साहेबांना तुझं म्हणणं पटलंय. काल माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, “एकटी बाई आहे हो, कशाला तिचे तळतळाट घ्यायचे? एकवीस तारखेला सुनावणी आहे, तोवर रेषा दोन बोटं अलीकडे घ्या. हाय काय नि नाय काय!”

दोन बोटं. वहिनी, हेच शब्द मी याच टेबलाशी आधी ऐकले होते.

मागचा नकाशा चालू होता तेव्हा दादा दुपारचा ऑफिसात आला होता. हातातली छत्री माझ्याच खुर्चीला अडकवली आणि नकाशावर वाकला. मोजणीवाल्यांनी आखलेली रेषा तुमच्या गल्लीच्या पार मागून जात होती, म्हणजे घर आत. म्हणाला, “एवढी दोन बोटं सरकव की गं. परवाना अडलाय. आयुष्यभर दुसऱ्याच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, आता माझं स्वतःचं मशीन दारात येऊन उभं आहे.” मी म्हटलं, “वेडा आहेस का तू?” तर म्हणे, “बाबांच्या वेळेपासून त्या घरात कधी पाणी आलंय का? सांग ना.” आलं नव्हतं. त्याला नाही म्हणायची मला लहानपणापासून सवयच नव्हती.

ट्रेसिंग कागदावरची शाई आम्ही ब्लेडने खरवडून काढतो. मी खरवडली. नवी रेषा गल्लीच्या अलीकडून, नदीच्या बाजूने ओढली. आमच्या नकाशावर दोन बोटं म्हणजे चाळीसेक पावलं, तुमच्या गल्लीची अख्खी लांबी. सात घरं बाहेर गेली. बाकीच्या सहा जणांनी तर काही मागितलंही नव्हतं.

तुला वाटेल, एवढंच सांगायचं होतं. मलाही एवढंच सांगून थांबायचं होतं. सकाळपासून दोन पत्रं तिथवर लिहून फाडली.

पुराच्या दिवशी धरणातून पाणी सोडल्याचा फोन दुपारी एकला आला. भोंग्याची गाडी निघाली. कोणाला घराबाहेर काढायचं त्याची यादी नकाशावरून बनते, ती माझ्याच अक्षरात होती. म्हणून साहेबांनी मलाही गाडीत घेतलं. पुढे ड्रायव्हर, मागे साहेब, शेजारी मी, मांडीवर यादी. मी एकेक घर वाचत होते, भोंग्यातून ओरडत होते.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हरने गाडी हळू केली. “ताई, इकडे वळवू का?”

वहिनी, मी होते त्या गाडीत. छापखान्याचं मशीन चालू असल्याचा आवाज तिथवर येत होता. नुसतं ‘वळव’ म्हणायचं होतं. पण साहेब शेजारी. रेषेबाहेरची गल्ली कशाला उठवता, असं त्यांनी विचारलं तर? चोराच्या मनात चांदणं. मी यादीकडे बघितलं आणि म्हणाले, “यादीत नाही.”

मनाशी ठरवलं, फेरी संपली की दादाला फोन करू. फेरी संपायला तास लागला. मग तीनदा फोन केला. मशीनच्या धडधडीत त्याला कुठला ऐकू येणार? पुढचं तुला ठाऊक आहे. कागदाचे गठ्ठे माळ्यावर चढवताना पाण्याने त्याला गाठलं. तू आणि वटवट माहेरी होतात म्हणून आज हे पत्र लिहायला मला कोणी तरी आहे.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तुला माहीत आहे. पण सुनावणीसाठी नवा पक्का नकाशा काढताना त्या कोपऱ्याशी आले की हात आपोआप अलीकडे वळतो. चार कागद वाया गेले. मागे खुर्चीशी कोणी तरी उभं असतं, ओल्या कागदाचा आणि छपाईच्या शाईचा वास येतो. मी वळून बघत नाही. दादा मला रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त उभा राहतो. आणि दुपारचा एक वाजून गेला की कानात ड्रायव्हर विचारतो, “इकडे वळवू का?” रोज विचारतो गं.

आज पाचवा कागद घेतला. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि रेषा गल्लीच्या मागून ओढली. जिथे मोजणीवाल्यांनी आखली होती, तिथूनच. साहेबांना अजून दाखवली नाही. सुनावणीत दाखवीन, आणि सोबत तो जुना कागदही. खरवडलेली जागा उजेडात धरली की आंधळ्यालाही दिसेल. नोकरी जाईल. जाऊ दे. पोलिसांत दिलं तरी माझी ना नाही.

तू हरकतीत माझी शपथ घातल्यासारखं लिहिलंयस. ती शपथ खोटी आहे, वहिनी. माझ्या भरवशावर त्या घरात आणखी एक पावसाळा काढू नकोस. मला शिव्या दे, वटवटीला सांग की आत्याने तुझ्या बापाला मारलं, ते खरंच आहे. पण टेकाडावरची जागा घे. सुनावणीला ये, नाही तर येऊ नकोस, पण घर सोड. तिला घेऊन वर जा.

तोवर पाणी आलंच, तर बोलवायची नवी यादी मी आज लिहून ठेवली आहे. मी तिथे नसले तरी ती असेल. तिच्यात पहिलं घर तुझं आहे.

तुझ्या गल्लीच्या तोंडावरून परत फिरलेली,
तुझी नणंद