झील मागून येते

आबा,

आमचा नवा अल्बम निघाला. तुम्ही त्याला कॅसेटच म्हणाला असता. बजाजनगरला आपल्या घराच्या स्लॅबवर सुरू केलेला आमचा रॉक बँड अजून चालू आहे, हे लोकांना खरं वाटत नाही. केस गेले, पोटं सुटली, तरी वाजवतो. या खेपेला हौसेनं पुण्याहून व्हायोलिनवाले आणले, बासरी आणली, सनईसुद्धा. "वरात हाय का कुणाची?" असं तुम्ही नक्की विचारलं असतं. पण सगळं पहिल्यांदा एकत्र वाजलं ना आबा, अंगावर काटा आला. लई बरं वाटलं.

घोडं अडलं शेवटच्या गाण्यावर. अरेंजर भला माणूस, अदबीनं म्हणाला, "सर, धृपदाच्या शेवटी ड्रम मागं पडतोय. दर वेळी. कॉम्प्युटरवर सरळ करून टाकतो, कुणाला कळणार पण नाही." ड्रमवर कोण, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या शिफ्टच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या दोस्ताचा लेक. विहारात भीमगीतांना ढोलकी वाजवून हात तयार झालेला. तो काड्या ठेवून उठला. "करा ना सरळ. नायतर दुसरा माणूस घ्या. माझे हात आता थकलेत," म्हणाला आणि चहाला निघून गेला. मला इतका राग आला, की कुणावर आला तेच कळेना.

कारण 'दुसरा घ्या' हे मी आधी ऐकलं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं होतं तेव्हा खुलताबादहून मोठे काका आले होते. आई भाकरी थापतेय, तुम्ही पहिल्या पाळीहून येऊन नुकते जेवायला बसलाय, आणि काका म्हणतायत, "गावात तोंड दाखवायची चोरी झाली. त्या पोराला काढा, दुसरा घ्या. वाजवणारे काय कमी हायेत व्हय?" तुम्ही हातातला घास ताटात ठेवला. "दादा, मेंढरांमागं ओव्या म्हणलो आपुन. मधीच झील बदलली का कधी?" बस्स, एवढंच. मला तर झील म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. आईनं मागून सांगितलं, गाणाऱ्याचा शब्द संपला की मागच्यानं तो उचलायचा, ती झील.

मग माझ्यावर डाफरलात, "बघत काय बसला? ते तुझं लाकूड घे." सायकलवर मी मागं, गिटार मांडीवर आडवी. तुमच्या दोस्ताच्या गल्लीत सगळी दारं बंद. तुम्ही त्यांचं दार उघडायला लावलं, उंबऱ्यावर बसलात आणि म्हणालात, "वाजवा." आणि धृपदाला तुम्ही झील धरली! रॉकच्या गाण्याला, माळावरचा आवाज लावून! तीही शब्द पार संपून गेल्यावर. परत वाजवलं, तुम्ही परत मागं. त्याचे वडील म्हणाले, "अहो, गाडी सुटली अन् तुमी आता स्टँडवर आले." त्या भीतीतही सगळे हसलो. त्याच्या आईनं चहा टाकला. पुढं वातावरण निवळेपर्यंत तुम्ही रोज संध्याकाळी जाऊन बसलात, आणि रोज उशिराच गायलात.

तर परवा मी त्याच्यामागं टपरीवर गेलो. विचारलं, "खरं सांग, हात थकले म्हणून मागं पडतो?"

तो म्हणाला, "नाय रे. तिथं आबा यायचे असतात. थांबतो जरा."

रडलो मी आबा. भर दुपारी, टपरीवर, लोकांदेखत. मग आत जाऊन अरेंजरला सांगितलं, ड्रमला हात लावायचा नाही, व्हायोलिनांनी मागं यायचं. बिचारे आले. आता धृपद संपतं, सगळे तुमच्यासाठी थांबतात, आणि मग वाजवतात. ऐकणारे विचारतात, ही कल्पना कुणाची. आम्ही दोघं एकमेकांकडं बघतो.

हे पत्र टाकू तरी कुठं? गिटारच्या पेटीत ठेवून देतो. एक तेवढं सांगायचं राहिलं. इतकी वर्षं त्याच्या शेजारी उभा राहून गायलो, आणि ती त्याची चूक आहे असं समजून मी सांभाळून घेत होतो.