एकदा टुंक म्हणजे हो

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार, तोही वाकून. (वाकलो की कंबर धरते, तेव्हा हा नमस्कार बराच वेळ चाललाय असं समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? भावजी अजून सगळ्या घराला पेपर मोठ्याने वाचून दाखवतात का? नातीचा पुढचा दात आला का? नसेल आला तर घाबरू नकोस, येईल; नाहीच आला तर दात आणि कवळ्या बनवणं हा मामाआजोबांचा धंदाच आहे. माझी तब्येत उत्तम आहे हे तुला फोनवर टुंक करून कळवलंच होतं, पण टुंकमध्ये उत्तम आणि ठीक यांतला फरक कळत नाही, म्हणून लेखी कळवतो: ठीक आहे.

पत्र लिहायला बसलो ते तू गेल्या रविवारी केलेल्या घोषणेमुळे. जावईबापू पुढच्या महिन्यात इकडे येणार आणि त्यांच्या बॅगेतून तू माझ्यासाठी नवाकोरा फोन पाठवणार, म्हणजे मी 'एकदाचा बोलायला लागेन'. मी ताबडतोब फोनचं बटण दाबून दोनदा टुंक केलं. एकदा टुंक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, तीनदा म्हणजे पुढे काय झालं, हे तूच ठरवलेलं. तू म्हणालीस, "लाजू नकोस रे." मी पुन्हा दोनदा केलं, परत दोनदा, परत दोनदा, शेवटी बटणावर बोटच आपटायला लागलो. त्यावर तू "बाई गं, किती आनंद झालाय याला!" म्हणून फोन ठेवलास. ताई, तो आनंद नव्हता गं. आणि मेसेज करावा म्हटलं तर या फोनवर माझ्या मात्रा शेजारच्या अक्षरांवर जाऊन बसतात, त्यामुळे हा कागद.

मुळात हे सगळं कशापायी सुरू झालं, ते तुला नीट सांगायला मिळालंच नाही, कारण सांगायला आवाज लागतो. हा फोन तू मागच्या खेपेला इथून जाताना माझ्या हातात कोंबलेला. मध्येच कंपनीने कळवलं की यापुढे त्याला नवीन काही मिळणार नाही. आधी बँकेचं ॲप रुसलं, मग हवामानाचं, आणि कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने त्याला मेलेल्या झुरळासारखं दोन बोटांत धरून "काका, टाकून द्या" म्हटलं. माझं टाळकं सरकलं. एक दाढ हलते म्हणून कोणी अख्खी कवळी बसवतं का? शोधता शोधता कळलं की जगभर काही रिकामटेकडे (आता मीही त्यांतलाच) असे आहेत, जे कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या फोनांतलं सगळं पुसून त्यांत लिनक्स घालतात. हे लिनक्स म्हणजे फोन चालवणारी आज्ञावली, पण ती कोणा एकाच्या मालकीची नाही. ज्याला जे जमतं ते तो लिहितो आणि सगळ्यांना वाटून टाकतो. घालायला एक दुपार पुरली. मग एकेक अवयव जागा करायला किती काळ जातो, हे मात्र कोणी आधी सांगत नाही.

पडदा लागला, बोट लावलं की हलतो. बॅटरी म्हणजे टॉर्च तर असा लागला की विझायलाच तयार नव्हता. होकायंत्र चालतं, फक्त त्याच्या मते उत्तर दिशा म्हणजे माझं स्वयंपाकघर, मग मी घरात कुठेही उभा राहो. कॅमेऱ्यात सगळं जग हिरवं दिसतं. (तुला पाठवलेला माझा फोटो पाहून तू विचारलं होतंस, कावीळ झाली का. कावीळ पिवळी असते, ताई.) आणि झोप! फोन एकदा झोपला की फोन आला तरी उठत नाही, आणि झोपू दिला नाही तर दुपारपर्यंत बॅटरी संपते. म्हणून रविवारी तुझी वेळ जवळ आली की मी चार्जर लावून शेजारी खुर्ची टाकतो आणि पडद्यावर अधूनमधून बोट फिरवत बसतो. लहान मुलाला झोपवताना बसतात तसंच, फक्त उलट.

आवाजाचं काम ज्याच्याकडे आहे त्याने स्वतःचं नाव 'मुंगी' ठेवलंय. बाई की बुवा, तरुण की म्हातारा, काही पत्ता नाही, म्हणून मी मुंगी 'ती' धरून चालतो. तिने हा फोन आयुष्यात हातात धरलेला नाही. फोन माझ्याकडे, अक्कल तिच्याकडे, असा हा संसार. ती एक फाइल पाठवते, मी ती फोनमध्ये घालतो, फोन बंद करून चालू करतो, 'हॅलो हॅलो' करतो आणि काय झालं ते कळवतो. ती लिहिते, माफ करा, आता हे करून बघा. असं करता करता एका रविवारी कानाशी तुझा आवाज आला आणि मी खुर्चीवरून ताडकन उठून उभा राहिलो. माझा आवाज मात्र तुला जाईना.

त्याचं कारण ऐकशील तर हसशील. या फोनला दोन माईक आहेत, एक खाली तोंडाजवळ आणि एक वर कॅमेऱ्यापाशी, आजूबाजूचा गोंगाट ओळखून तो गाळण्यासाठी. लिनक्सने वरचा खरा धरला आणि खालून येतो तो गोंगाट. म्हणजे फोन सरळ धरला तर तुझं बोलणं मला येणार, पण माझं गोंगाट म्हणून गाळलं जाणार. उलटा धरला तर माझा आवाज तुला जाणार, पण तुझा माझ्या हनुवटीला ऐकू येणार. आठवतं, मी एकदा एकदम 'ताई' म्हणून ओरडलो होतो? तू काहीतरी म्हणालीस. फोन फिरवून कानाशी नेईपर्यंत तू ठेवलाही होतास. तेव्हाच ठरवलं की दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर फोन सरळच धरायचा.

या टुंकाने धंद्यात घातलेला घोळही सांगून टाकतो. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोन करून विचारलं, वकीलसाहेबांचे दात तीन नंबरच्याच शेडचे करताय ना? मी आपल्या सवयीने एकदा टुंक केलं. बाईंना कुठे आपलं ठरलेलं माहीत! त्या समजल्या, मी एक नंबर म्हणतोय. एक नंबर म्हणजे सगळ्यांत पांढरी. त्यांनी वकीलसाहेबांना सांगितलं की आमच्या कारागिराच्या मते तुम्हाला पांढरेशुभ्रच शोभतील. वकीलसाहेबांनी ते घरी बायकोला, सुनेला, व्याह्यांना सांगितलं. आणि प्रत्यक्षात माझ्याकडून गेले चहाच्या रंगाचे, वयाला साजेसे. आता ते माझ्या खोलीत येऊन स्टुलावर तोंड मिटून बसतात, माझ्याकडे रोखून बघतात आणि निघून जातात. मी दुसरी जोडी करायला घेतली आहे.

तर सांगायचं काय, की फोन पाठवू नकोस. या मॉडेलचा चालता फोन असलेला आमच्या त्या मेळ्यात मी एकटा आहे. मी नवा घेतला तर मुंगीने फायली पाठवायच्या कोणाला? माझा जुना आज ना उद्या सुधारेलच, आणि नाही सुधारला तरी माझं काही अडत नाही. बोलून बोलून मी असं काय बोलणार? पूर्वी आपलं बोलणं आठव. कसा आहेस, बरा आहे, जेवलास का, जेवलो, बरं ठेवते. चहा निवायच्या आत संपायचं. आणि आता? मी मुका झाल्यापासून तू तासतासभर बोलतेस. तिथला गळका नळ, शेजारणीची खाष्ट मांजर, भावजींचं घोरणं, मग बोलता बोलता बाबा, आई, आपण दोघं एका पांघरुणासाठी केलेल्या मारामाऱ्या. मी खुर्चीत बसून टुंक टुंक करत असतो. इतकं तर तू इथे होतीस तेव्हाही बोलली नव्हतीस.

दोन रविवारांपूर्वी तू जिन्याचं सांगितलंस. नोकरीसाठी निघालीस त्या सकाळी सामान खाली नेऊन तू परत वर आलीस आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिलीस, कोणीतरी 'नको जाऊस' म्हणेल म्हणून. कोणीच म्हणालं नाही, मग उठलीस आणि गेलीस. एवढं सांगून तू विचारलंस, "ऐकतोयस ना रे?" मी एकदा टुंक केलं. दुसरं काय करणार? मी तेव्हा दाराच्या आत उभा होतो, ताई. मला वाटत होतं तुला जायचंय, आपण रडं काढलं तर तुझा पाय अडकेल, म्हणून तोंड दाबून उभा होतो. याला आपण टुंक ठरवलेलं नव्हतं. तू गेल्यापासून एक दिवस असा नाही की तुझी आठवण आली नाही. घरात बोलायला कोण आहे? फळीवर कवळ्या आहेत, पण त्यांना जीभ नसते.

असो, भरकटलो. भावजींना नमस्कार, नातीला तिच्या दातांसकट आशीर्वाद. गुडघ्याला तेल चोळून घे आणि ते स्वतः चोळू नकोस, जावयाला सांग, तो नुसता बॅगा भरत बसला असेल.

तुझा,
धाकटा

ता. क. जावईबापूंना रिकाम्या हाताने येऊ दे. फारच वाटलं तर बॅगेत तुझा एखादा जुना स्वेटर घाल, माझे कोपरातून गेलेत. फोन मात्र नको.

ता. क. २. वर मुंगीचं कारण पुढे केलं ते अगदी खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मुंगीचं काम झालं. माईक तीन रविवारांपूर्वीच सुरू झाला. मी 'हॅलो' म्हणून आवाज भरून ऐकला, तर अगदी बाबा बोलल्यासारखं वाटलं. आनंदाने तुला फोन लावणार होतो, तेवढ्यात तुझाच आला आणि तू नेहमीसारखी सुरू झालीस. मग मी आवाज बाहेर पडू नये म्हणून अंगठा माईकवर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने टुंक केलं. तेव्हापासून दर रविवारी हेच चाललंय. जिन्याचं सांगत होतीस तेव्हा तू मध्येच म्हणालीस ना, कसली खरखर येतेय रे, तुझा फोन पुन्हा बिघडला वाटतं? फोन बिघडला नव्हता, ती खरखर माझ्या नाकाची होती. माझा अंगठा निसटला होता.

ता. क. ३. मी बोलायला लागलो की तू विचारणार कसा आहेस, मी म्हणणार बरा आहे, आणि तू ठेवणार. ते मला आता सोसायचं नाही. म्हणून अजून काही दिवस मला मुकाच धर. तीन रविवार फसवलं म्हणून चिडली असशील तर पत्राने चिडू नकोस, फोनवर चिड. सावकाश, अगदी पहिल्यापासून, मनात आहे तेवढं सगळं. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.