रोपापुरता उजेड

ता. ३, सोमवार, सकाळी ९
मुलगी कुंडी ठेवून गेली. मिरचीचं रोप, पाच पानांचं. म्हणाली, बाबा, एवढं महिनाभर जगवून दाखवा, मग खुशाल एकटे राहा. नाहीतर कुरकुर न करता आमच्याकडे यायचं. मी म्हटलं, तुम्हा दोघा भावंडांना वाढवलं, तिथे हे काय! ती म्हणाली, आम्हाला आईने वाढवलं.
कुंडी खिडकीपाशी सरकवली.

ता. ४, मंगळवार
वरच्या मजल्यावरच्या फोटोग्राफरकडून उजेड मोजायचं मीटर आणलं. त्यानेच खिडकीपाशी मोजून दाखवलं. २१०० लक्स. म्हणाला, काका, भरपूर आहे, आता फक्त पाणी घाला आणि विसरून जा. आजकालच्या पोरांना काळजी म्हणून नाही.
मी सातवीपर्यंतच शिकलो, पण आकडा कळतो. संकल्प : दर तासाला नोंद.

ता. ६, गुरुवार
मीटरवरचे आकडे फार बारीक. खुर्ची खिडकीलाच टेकवून बसलो. पाठीमागून उजेड आला की दिसतात. कुंडी समोर स्टुलावर.
१० वाजता ४००. ११ वाजता ४३०. परवाचे एकवीसशे गेले कुठे?
समोरच्या इमारतीवरच्या टाकीचा संशय येतो.

ता. ११, मंगळवार
३८०. समोरच्यांच्या सेक्रेटरीला टाकी हलवण्याबद्दल पत्र दिलं. त्याने तिथेच वाचलं आणि माझी तब्येत विचारली.
पाठ धरली आहे. तरी सकाळी आठपासून जागा सोडत नाही. शेजारीणबाई दारातून म्हणाल्या, काका, ऊन रोपाला हवंय की तुम्हाला? बाईंना शास्त्रातलं काही कळत नाही.

ता. १९, बुधवार
दोन पानं पिवळी. पाणी वेळेवर आहे, नोंदी वेळेवर आहेत. आणखी माणसाने काय करायचं?
रोप हल्ली माझ्याकडे झुकतं. लळा लागला असावा. आता तर उठवतच नाही.

ता. ३१, सोमवार
मुलगी आली. एक पान उरलंय. वही दाखवली : दोनशे सोळा नोंदी, एकही खाडाखोड नाही. तिने वही मिटली. म्हणाली, बाबा, जरा खुर्चीवरून उठा.
उठलो. मीटर २१५०.
मी म्हटलं, मीटर बिघडलंय. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, याला एकटं सोडलं असतं ना, तर मजेत जगलं असतं.
मी म्हटलं, मग मी तरी वेगळं काय सांगतोय? मलाही सोड.
तिने कपाटावरची बॅग खाली काढली.

ता. १८, शुक्रवार, मुलीचं घर
रोप इथे स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. कोणी बघत नाही त्याच्याकडे. नवी तीन पानं आली.
मलाही काही कमी नाही. चहा हातात मिळतो. दर तासाला मुलगी येऊन दारात उभी राहते, विचारते, बाबा, बरं वाटतंय ना?
या खोलीला उजेड त्या दारातूनच येतो. जरा सरक, असं म्हणवत नाही. लळा आहे.