न उचललेला कप

प्रिय भाऊ जवाद,

बीजिंगच्या त्या फोटोत मी दिसत नाही म्हणून मी तिथं नव्हतोच, हे तुझं म्हणणं मला अजून मान्य नाही. उन्हाळ्यात सगळ्या घराला ऐकवलंस, "आमचा नाएल आता चीन सरकारला सल्ले देतो, त्याच्याशिवाय पॅलेस्टाईनचं पान हलत नाही." मावशीसुद्धा हसली. कॉफीवाल्याला कुणी फोटोत उभं करत नाही, जवाद. फोटोत झेंडे असतात, सह्या करणारे असतात आणि मधे यजमान असतो. तू टीव्हीवर बघितलंस ते शेवटचं होतं. आतलं मी बघितलं. तेव्हाच सांगणार होतो, तर तू फोन ठेवलास. या थंडीत तर तू माझा फोन उचलणंच सोडलंयस, म्हणून आता कागद. माझा मालक अबू निमर माल घेऊन नाब्लुसला येतोय. तो तुझ्या घरी येऊन हे स्वतः तुझ्या हातात देईल. मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे आणि ती आपल्या बासिमच्या सिहामबद्दल आहे, हे तू ओळखलंच असशील. फाडून टाकू नकोस, आधी पुरतं वाच. अक्षराला नावं ठेवू नकोस. आठवीत शाळा सोडली म्हणून मला बडवणारा तूच होतास, त्याचा काही उपयोग झाला नाही हे दिसतंच आहे.

इथं चीनच्या बाजारात, यीवूत, माझं बरं चाललंय असं सगळ्यांना सांगतो. तुला खरं सांगतो, जीव लागत नाही. आधी हमाली केली, मग खोकी बांधली. त्या खोक्यांत काय असायचं माहीत आहे? आपले काळे-पांढरे रुमाल. आपल्याकडे मोर्च्यात पोरं गळ्यात घालतात ते. हजारांनी इथं विणले जातात आणि तिकडे जाऊन आपलं इमान होतात. मला हसू यायचं, मग यायचं बंद झालं. आता अबू निमरच्या खानावळीत आहे. तिथं मा शिउलान नावाची दुभाषी जेवायला येते. इथलीच, पण मुसलमान, सगळे व्यापारी तिला सुमय्या म्हणतात. तिचं अरबी सगळं पुस्तकातलं. आपण "काय रे, कसं काय" म्हणतो तिथं ती "आपले कुशल असावे अशी आशा बाळगते" असं म्हणते. तिलाच आपल्या सगळ्या गटांना एकत्र आणायच्या बीजिंगच्या बैठकीत खालच्या खोल्यांमधलं काम मिळालं होतं. पाहुण्यांना घरच्यासारखी कॉफी मिळावी असं यजमानांच्या मनात आलं आणि तिने माझं नाव सांगितलं. अबू निमर म्हणाला, "जा, पण तिथं तोंड उघडू नकोस. तुझं तोंड आणि तुझी कॉफी दोन्ही कडू, पाहुण्यांना एकच पुरे."

मोठी माणसं वरच्या मजल्यावर होती, ती मी पाहिलीही नाहीत. आमच्या खोलीत दुसऱ्या फळीतले. टेबलाच्या एका बाजूला तुझे पिवळ्या झेंड्याचे, समोर आपल्या भावाचे, बासिमचे, हिरव्या झेंड्याचे, बाकी लहान गट कडेकडेने. यजमानांतर्फे फान नावाचा एक लुकडा अधिकारी होता. तो रोज तेच सांगायचा आणि सुमय्या तिच्या पुस्तकी अरबीत ते ऐकवायची. आधी तुम्ही आपसांत एक व्हा, मग इस्रायलशी बोलायला सगळ्या देशांची मोठी परिषद भरवू, मग शेजारी शेजारी दोन राष्ट्रं. माझ्याजवळ बसलेला एक म्हातारा पुटपुटला, "घर एक करा म्हणतायत. अरे, घर कुठाय ते तरी दाखवा." त्याचा शेजारी म्हणाला, "हळू बोल, बाई तेही भाषांतर करून टाकेल."

त्याच म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवशी ते केलं. तो हिरव्यांपैकी, खलील शहराकडचा, बोलताना छातीतून शिट्टी वाजायची. मी कॉफी ओतली, त्याने कप उचलला, ओठाला लावला नाही, समोरच्या पिवळ्याच्या दिशेने जरा सरकवून टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. खोलीतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. तुला सांगायला नको की का. म्हातारा म्हणाला, "तुमच्या कोठडीत आमची पोरं आहेत, आमच्या कोठडीत तुमची. कागदाचं नंतर बघू. पोरं सोडा. सोडतो म्हणा, मग मी पितो." समोरचाही वयस्कर होता, बहुतेक तुझ्यासारखा पोलिसातून वर आलेला. तो कपाकडे बघत राहिला. त्याचा अंगठा मिशीवर फिरत होता.

तेव्हा मला सिहामच्या बापाचं घर आठवलं. बाबा गेल्यानंतर बासिमसाठी तिला मागायला आपण गेलो होतो. वडीलधारे सगळे मागे आणि तू पुढे. तिच्या बापाने कॉफी दिली, तू तशीच समोर ठेवलीस. तो तुला लैसचा बाप म्हणून हाक मारत म्हणाला, "प्या ना अबू लैस, गार होतेय." तू म्हणालास, "होऊ दे. आम्हाला तुमची मुलगी हवी. आमच्या घरात ती भावजय नाही, माझी बहीण म्हणून राहील." म्हातारा किती वेळ बसला होता मिशी चोळत. बासिम मागे घामाघूम. माझ्या कानात म्हणाला, "हा नाही म्हणाला तर मी कपच चावून खाईन." शेवटी म्हातारा म्हणाला, "प्या. मुलगी तुमची." तू एका घोटात प्यालास आणि सगळे हसलो, कारण कॉफी अगदी पाणी झाली होती. त्या दिवशी तुझ्याएवढा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

बीजिंगमध्ये तेवढा वेळ मिळाला नाही. मी शपथेवर सांगतो, त्या पिवळ्याने श्वास घेतला होता, तो बोलणार होता. इतक्यात पांढरे हातमोजे घातलेली एक मुलगी आली. तिची काही चूक नाही. तिला शिकवलेलं, पाहुण्यासमोर गार झालेला कप राहू द्यायचा नाही, तो यजमानाचा अपमान. तिने वाकून नमस्कार केला, म्हाताऱ्याचा कप उचलून नेला आणि त्या जागी वाफाळता चहा ठेवला. हसरी, नीटस. कुणीतरी फिस्सकन हसलं. मिशीवाल्याने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "हं, तर कलम सातवं." म्हाताऱ्याने चहाकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर सह्या झाल्या, हात मिळवले, तू टीव्हीवर पाहिलंस ते सगळं झालं. आमच्या खोलीतून पोरांची गोष्ट वर गेलीच नाही.

फानला मात्र काहीतरी हुकलंय हे कळलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो सुमय्याला घेऊन माझ्याकडे आला. मी तिला सांगितलं, तिने त्याला. तो ऐकताना पांढरा पडला. म्हणाला, "मी तो कप परत त्यांच्यासमोर ठेवायला लावतो." मी म्हटलं, तसं होत नाही साहेब, मागणाऱ्यानेच ठेवावा लागतो आणि तोही मनात आलं तरच. त्याने किटल्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आम्ही खोली देऊ शकतो, टेबल देऊ शकतो. एवढंच." सुमय्याने हे वाक्य पहिल्यांदाच साध्या अरबीत सांगितलं. संध्याकाळी मी म्हाताऱ्याला विचारलं, काका, उद्या परत ठेवणार का? तो म्हणाला, "पोरा, माझा धाकटा आहे त्यांच्या कोठडीत. एकदा ठेवायलाच मला किती वर्षं लागली."

आता तुला कळलं असेल मी त्या उन्हाळ्यात तुला फोन का करत होतो. बढाई मारायला नाही, तुझं आणि बासिमचं मिटावं म्हणून. तुमच्या लोकांनी बासिमला घरातून नेलं त्या पहाटे तू जीपमध्ये नव्हतास, हे मला माहीत आहे. तू म्हणायचास, "मी खात्यात होतो म्हणून कोठडीत त्याला कुणी हात लावला नाही." तो म्हणायचा, "त्याला आदल्या दिवशी ठाऊक होतं आणि तो आमच्याकडे जेवून गेला." दोन्ही खरं असेल. सुटून आल्यावर तो तुझ्या दारापर्यंत आला होता, तुला सांगितलंय का कुणी? सिहाम सांगते. घंटेवर बोट ठेवून उभा राहिला आणि परत गेला. मग इस्रायली सैन्याने त्याला नेलं. आणि या थंडीत त्यांनी आपली निर्वासितांची छावणीच रिकामी केली, बुलडोझर आपल्या गल्लीतून गेला, बासिमच्या घराची पुढची भिंत आणि जिना घेऊन गेला. सिहाम दोन्ही मुलींना घेऊन शाळेच्या एका वर्गात राहते, चादरीच्या पलीकडे दुसरं कुटुंब. तुझं घर टेकडीवर आहे, उभं आहे, पुढची खोली पाहुण्यांसाठी बंद असते. ती मागणार नाही. मला म्हणाली, "त्याने मला बहीण म्हटलं होतं, त्याला आठवत असेल तर येईल, नसेल तर मी का आठवण करून देऊ?" म्हणून मी करून देतोय. तिला हे माहीत नाही.

बासिम गेल्याची बातमी तुरुंगातून येऊन महिना होऊन गेला. देह त्यांनी दिलेला नाही, कधी देतील सांगत नाहीत, म्हणून कबर नाही. पण दुखवट्याची बैठकही कुठे झाली नाही, जवाद. वर्गात माणसं कुठे बसवणार? धाकटीने मला फोनवर विचारलं, "काका, सगळ्यांचे बाबा मेले की कॉफी असते, आमच्याकडे का नाही झाली?"  तुझी भीती मला कळते. त्याचे सोबती येतील, दारावर हिरवा झेंडा लावतील, दुसऱ्या दिवशी तुला वरिष्ठ बोलावतील, कदाचित नोकरीही जाईल. मी तुला घाबरू नकोस असं सांगत नाही. पुढची खोली उघड, तीन दिवस लोकांना बसू दे, आणि चौथ्या दिवशी सिहामला आणि पोरींना परत शाळेत पाठवू नकोस. अबू निमर आत्ता तुझ्यासमोर बसला असेल. तू त्याला कॉफी दिली असशील आणि त्याने ती घेतली नसेल. मीच तसं सांगितलंय. त्याला घाई नाही, तो गार होऊ देईल. लैसच्या आईला सांग, कप कुणी उचलून नेऊ नका. काय ते तू त्याला तोंडाने सांग. कॉफी, वेलदोडे आणि भाड्याच्या खुर्च्यांचे पैसे त्याच्याजवळ दिलेत, दोन हजार तीनशे शेकेल.

तुझाच,
नाएल